जुलैतली आघाडी खर्चायची असते

खरिपाचं पीक शेतात उभं असतानाच महसूल खातं नजर पैसेवारी जाहीर करतं. पुढे सुधारित येते आणि सुगी आटोपल्यावर अंतिम. या तिन्हींत किती फरक पडू शकतो, हे मराठवाड्यातल्या शेतकऱ्याला वेगळं सांगावं लागत नाही. अमेरिकेतल्या बेसबॉलच्या चाहत्याला मात्र एवढा धीर नसतो. जुलै उजाडतो, ऑल-स्टार सामन्याची सुट्टी लागते, हंगाम जेमतेम निम्मा सरलेला असतो आणि हा गडी आपल्या संघाची आणि वैऱ्याच्या संघाची थेट अंतिम पैसेवारी लिहून मोकळा होतो. आपला संघ वर असेल तर तो त्याच्या अंगच्या गुणांमुळे, समोरचा खाली असेल तर तो त्याच्या कर्मामुळे. ऑक्टोबरात चित्र उलटलं की ‘कच खाल्ली’ हा शेरा तयारच असतो. मला या दोन्ही निकालांत काही अर्थ दिसत नाही. जुलैतली आघाडी म्हणजे गाठीला जमलेले चार पैसे. ते वेळेवर, दमलेल्या खेळाडूंच्या विश्रांतीवर खर्च करायचे असतात. ज्या संघानं ते कनवटीला घट्ट बांधून ठेवले, त्याच्या कनवटीतून ते सप्टेंबरात गळून गेल्याची उदाहरणं आहेत. त्यातलं सगळ्यात बोलकं उदाहरण १९७८ सालच्या बॉस्टन रेड सॉक्स आणि न्यूयॉर्क यांकीज या दोन हाडवैऱ्यांचं.

क्रिकेटवर वाढलेल्या वाचकाला आधी या खेळाचं वेळापत्रक डोळ्यांसमोर आणावं लागेल. आयपीएलमधला संघ साखळीत १४ सामने खेळतो. मेजर लीगमधला संघ एप्रिल ते सप्टेंबर या सहा महिन्यांत १६२ खेळतो, म्हणजे जवळजवळ रोज. आज रात्री हरलेला सामना उद्या संध्याकाळपर्यंत शिळा झालेला असतो. विजेता संघसुद्धा साठेक सामने हरतो आणि त्याबद्दल कोणी गळा काढत नाही. त्यामुळे तक्त्यात गुणांपेक्षा ‘किती सामन्यांनी मागे’ हा आकडा महत्त्वाचा. १९७८ साली अमेरिकन लीगच्या पूर्व विभागात सात संघ होते आणि पुढे जाणार होता फक्त पहिला. दुसऱ्याला मागच्या दारानं आत घेण्याची आजची सोय तेव्हा नव्हती. त्यात बॉस्टननं शेवटची विश्वमालिका जिंकलेली १९१८ साली. नंतर त्यांनी बेब रूथ नावाचा खेळाडू न्यूयॉर्कला विकला आणि न्यूयॉर्कनं १९७७ पर्यंत २१ विश्वमालिका घरी नेल्या. या पार्श्वभूमीवर बॉस्टनकर जुलैचा तक्ता कोणत्या डोळ्यांनी वाचत असतील, त्याची कल्पना करता येते.

१९ जुलैला तो तक्ता असा होता: बॉस्टन ६२ विजय, २८ पराभव, न्यूयॉर्क ४८ विजय, ४२ पराभव. यांकीज चौथ्या स्थानावर, १४ सामन्यांनी मागे. न्यूयॉर्कच्या संघात तर भाऊबंदकी माजलेली. दोनच दिवस आधी रेजी जॅक्सन या त्यांच्या सर्वांत महागड्या फलंदाजानं मॅनेजर बिली मार्टिनचा इशारा धुडकावल्यामुळे त्याला निलंबित केलेलं. आठवडाभरात मार्टिननं जॅक्सन आणि मालक जॉर्ज स्टाइनब्रेनर या दोघांबद्दल पत्रकारांसमोर नको ते बोलून डोळ्यांत पाणी आणून राजीनामा दिला. हा संघ संपला असं कोणीही म्हटलं असतं आणि बहुतेकांनी म्हटलंही. पुढच्या ७२ सामन्यांत याच संघानं ५१ जिंकले आणि २१ हरले. बॉस्टननं ३७ जिंकले, ३५ हरले. १ ऑक्टोबरच्या संध्याकाळी दोघेही ९९ विजय आणि ६३ पराभव अशा एकाच ओळीत येऊन उभे राहिले.

या आकड्यांकडे जरा निवांत पाहू. बॉस्टनचा जुलैपर्यंतचा वेग हजारी ६८९. न्यूयॉर्कचा त्यानंतरचा हजारी ७०८. म्हणजे दोघांनीही जवळजवळ सारखाच माल गोळा केला, फक्त एकानं आधी आणि दुसऱ्यानं नंतर. अख्ख्या हंगामात न्यूयॉर्कनं ७३५ रन काढल्या आणि ५८२ दिल्या. बॉस्टननं ७९६ काढल्या, ६५७ दिल्या. बिल जेम्स या बेसबॉलच्या हिशेबनिसानं याच सुमारास एक सोपं सूत्र मांडलं होतं. काढलेल्या रनांचा वर्ग घ्यायचा आणि त्याला काढलेल्या व दिलेल्या रनांच्या वर्गांच्या बेरजेनं भागायचं. आलेला अपूर्णांक म्हणजे त्या संघानं किती सामने जिंकायला हवे होते त्याचा अंदाज. या सूत्रानं न्यूयॉर्कचे सुमारे १०० विजय येतात आणि बॉस्टनचे ९७. दोन संघांच्या कुवतीतलं खरं अंतर एवढंच, दोन-तीन सामन्यांचं. मग जुलैतले १४ सामने आले कुठून? बरेचसे न्यूयॉर्कच्या दवाखान्यातून. विली रँडॉल्फ, मिकी रिव्हर्स, बकी डेंट ही मैदानाच्या मधल्या रांगेतली मंडळी आळीपाळीनं जायबंदी होती. कॅटफिश हंटरचा खांदा आखडलेला. डॉन गुलेटचा खांदा तर कायमचा गेला. बॉस्टनचे जवळजवळ सगळे नेहमीचे खेळाडू तेव्हा पायावर उभे होते. जुलैचा तक्ता त्या दिवशी कोणाची तब्येत बरी आहे, एवढंच प्रामुख्यानं सांगत होता.

बॉस्टनच्या तब्येतीचं पुढे काय झालं, ते पाहायला तिसऱ्या बेसवर उभ्या असलेल्या बुच हॉब्सनकडे पाहावं. त्याच्या उजव्या कोपरात हाडाचे सुटे तुकडे होते. तिसऱ्या बेसवरून पहिल्या बेसकडे चेंडू फेकायचा म्हणजे कर्णरेषेतला लांब पल्ला. पूर्ण हात झोकावा लागतो. हॉब्सनचा हात मध्येच अडकायचा. मग तो पुढच्या चेंडूआधी डाव्या हाताच्या बोटांनी कोपर चाचपून आतले तुकडे पुन्हा जागेवर सरकवायचा, गिरणीतला पट्टा घसरल्यावर सरकवावा तसा. असा माणूस रोज मैदानात उतरत होता आणि कोणी त्याला थांबवत नव्हतं. त्या हंगामात त्याच्या हातून ४३ चुका झाल्या; क्षेत्ररक्षणाचं प्रमाण हजारी ८९९ वर घसरलं. तिसऱ्या बेसच्या कायम खेळाडूसाठी ही नामुष्कीच. अखेर सप्टेंबरच्या उत्तरार्धात त्यानंच मॅनेजरकडे जाऊन मला बसवा असं सांगितलं. दुसरीकडे कॅचर कार्लटन फिस्क. कॅचरला प्रत्येक चेंडूला उकिडवं बसावं लागतं. सामन्यात शंभराहून जास्त बैठका सहज होतात, अंगावर चिलखत, जुलै-ऑगस्टचा उकाडा. फिस्कच्या गुडघ्यावर १९७४ मध्ये मोठी शस्त्रक्रिया झालेली. त्या फिस्कनं १९७८ मध्ये १५४ सामन्यांत कॅचरची जागा सांभाळली. आज कुठलाही संघ आपल्या कॅचरला एवढं राबवायला धजणार नाही. ऑगस्टच्या अखेरीस ड्वाइट इव्हान्सच्या डोक्यावर चेंडू आदळला. उजव्या बाजूच्या क्षेत्ररक्षणात त्याचा हात धरणारा कोणी नव्हता. त्याला घेरी येऊ लागली तरी काही दिवसांत तो परत मैदानात. कार्ल यास्त्रेम्स्की वयाच्या ३९ व्या वर्षी खेळत होता. जिम राइसनं (बरोबरी सोडवणारा जादा सामना धरून) सगळेच्या सगळे १६३ सामने खेळले, ४६ होमरन मारले आणि लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला, हे खरं. पण राइस पंचविशीतला होता. त्याच्या दमाचं माप सगळ्या संघाला लावता येत नाही.

१४ सामन्यांची आघाडी असताना ही माणसं रोज का खेळत होती? हा प्रश्न मॅनेजर डॉन झिमरला विचारायला हवा. झिमरचा जीवनक्रम पाहिला तर उत्तर निम्मं मिळतं. १९५३ मध्ये खालच्या लीगमध्ये खेळताना त्याच्या डोक्याला चेंडू लागला आणि तो जवळजवळ दोन आठवडे बेशुद्ध होता. कवटीला भोकं पाडून शस्त्रक्रिया करावी लागली. तरी तो परत आला आणि बारा वर्षं मेजर लीग खेळला. असा माणूस कोपर दुखतंय म्हणून कोणाला बसवेल अशी अपेक्षा करणं कठीण. दुखणं अंगावर काढणं हा त्या पिढीच्या बेसबॉलचा दागिना होता. आपल्याकडे गिरणगावातल्या कबड्डीतही तेच नाणं चालायचं. पण झिमरच्या स्वभावाखेरीज संघाच्या मालक-चालकांचाही यात वाटा आहे. १५ जूनला, म्हणजे आघाडी भरात असताना, त्यांनी बर्नी कार्बो हा बाकावरचा हुकमी फलंदाज क्लीव्हलँडला विकून टाकला. कार्बो म्हणजे १९७५ च्या विश्वमालिकेत सहाव्या सामन्यात राखीव म्हणून येऊन बरोबरी साधणारा होमरन मारणारा गडी. त्याचा मित्र पिचर बिल ली निषेध म्हणून संघ सोडून घरी गेला आणि दुसऱ्या दिवशी परतला. ली मोठा वल्ली होता, झिमरला त्यानं एका उंदरासारख्या प्राण्याचं नाव ठेवलं होतं आणि झिमर ते कधी विसरला नाही. आघाडी आहे तेव्हा बाकाची गरज काय, असा हिशेब तिथे झालेला दिसतो. माझ्या मते आघाडी असते तेव्हाच बाक वापरता येतो. मागे पडलेल्या संघाला राखीव खेळाडू उतरवण्याची चैन परवडत नाही.

न्यूयॉर्कला काय झालं ते याच्या उलट बाजूनं पाहण्यासारखं आहे. मार्टिनच्या जागी आलेला बॉब लेमन हा शांत गृहस्थ महिनाभर आधीच शिकागोच्या नोकरीतून काढलेला. त्यानं फारसं काही केलं नाही, आणि तेच मोठं काम ठरलं. दुखापतीतून उठलेली माणसं आपापल्या जागी उभी केली आणि आरडाओरडा बंद केला. हंटरच्या खांद्यावर डॉक्टरांनी भूल देऊन हात फिरवला, आखडलेपण सुटलं आणि ऑगस्टमध्ये त्यानं सहाच्या सहा सामने जिंकले. एड फिगेरोआनं वर्षात २० जिंकले. कॅचर थर्मन मन्सनचे गुडघे फिस्कइतकेच कुरकुरत होते. पण मन्सननं कॅचर म्हणून १२५ सामने केले, बाकीचे दिवस तो उजव्या मैदानात किंवा नुसता फलंदाज म्हणून उभा राहिला आणि नवखा माइक हीथ उकिडवा बसला. फिस्कचे १५४, मन्सनचे १२५. माझा सगळा युक्तिवाद या एकोणतीस दिवसांत मावतो. त्यातच ऑगस्टमध्ये न्यूयॉर्कच्या मोठ्या दैनिकांत संप झाला आणि यांकीजच्या खोलीतली भांडणं छापायला जागाच उरली नाही. वर्तमानपत्रात लिहिताना हे कबूल करणं जड जातं, पण छापखाने बंद असण्याचा त्या संघाला फायदाच झाला असावा.

सप्टेंबरच्या ७ तारखेला यांकीज बॉस्टनला आले तेव्हा १४ ची आघाडी ४ वर आली होती. फेनवे पार्कवर चार दिवसांत चार सामने झाले: १५–३, १३–२, ७–०, ७–४. एकूण ४२ विरुद्ध ९, आणि चारही न्यूयॉर्कच्या पदरात. तिसऱ्या सामन्यात लू पिनिएलाचा एक साधा उंच झेल वाऱ्यावर भरकटला, बॉस्टनचे पाच खेळाडू त्याच्याभोवती गोळा झाले आणि चेंडू सगळ्यांच्या मध्ये टपकन पडला. त्या डावात सात रन निघाल्या. चौथ्या दिवशी झिमरनं यांकीजविरुद्ध आजवर चांगली कामगिरी केलेल्या लीला बाजूला ठेवून बॉबी स्प्राउल या नवख्या पोराला चेंडू दिला. तो पहिली इनिंगही पुरी करू शकला नाही. या चार दिवसांना बॉस्टनमधलं हत्याकांड असं नाव पडलं. चाहत्यांनी त्यातून शाप काढला, भित्रेपणा काढला. शापाची सोय अशी की त्याला हिशेब मागता येत नाही. पडलेल्या झेलाभोवतीच्या पाच जणांत किती जण ठणठणीत होते, हे मोजायला मात्र चाहता तयार नसतो.

एकाच संघाच्या एकाच हंगामावरून सिद्धांत काढू नये, हे मान्य. म्हणून १९६९ चा शिकागो कब्ज घेऊ. मॅनेजर लिओ ड्युरोशर, झिमरहूनही कडक. ऑगस्टच्या मध्यावर न्यूयॉर्क मेट्स त्यांच्या नऊ-दहा सामने मागे होते. कब्जच्या रिग्ली फील्डवर १९८८ पर्यंत दिवेच नव्हते, त्यामुळे घरचा प्रत्येक सामना भर दुपारी, उन्हात. तरीही ड्युरोशरनं तीच ठरलेली माणसं रोज उतरवली. कॅचर रँडी हंडलीनं आदल्या वर्षी १६० सामने उकिडवं बसून काढले होते, त्या वर्षी १५१ काढले. मेट्सच्या गिल हॉजेसकडे ड्युरोशरइतके नावाजलेले फलंदाज नव्हते, म्हणून तो समोरचा पिचर डावखुरा की उजवा हे पाहून निम्मा संघ आलटून पालटून खेळवायचा. गरजेपोटी का होईना, त्याच्या माणसांना आराम मिळत गेला. मेट्सनं १०० सामने जिंकले, कब्जनं ९२. सप्टेंबरात दोघांची गाठ पडली तेव्हा कब्जच्या डगआऊटसमोरून एक काळं मांजर गेलं. शिकागोत अजून ते मांजर आठवणारे आहेत. मांजर आडवं जाण्याची दहशत फक्त आपल्याकडेच आहे असं कोणाला वाटत असेल, तर ते चुकीचं. हंडलीचे १५१ सामने मात्र फारसं कोणी आठवत नाही.

यावर पहिला आक्षेप सरळ आहे: यांकीज एवढे सुसाट सुटले की बॉस्टननं विश्रांती दिली असती तरी काय फरक पडला असता? रॉन गिड्रीनं त्या वर्षी २५ सामने जिंकले आणि फक्त ३ हरले. अशा पिचरसमोर ताजातवाना हॉब्सनही उताणा पडला असता. पण इथे मोठ्या फरकाची गरजच नव्हती. न्यूयॉर्कनं ७२ पैकी ५१ जिंकूनही दोघे बरोबरीत आले. बॉस्टनला ३७ ऐवजी ३८ पुरले असते. एक. अडीच महिन्यांत हॉब्सनच्या एका वाकड्या फेकीनं, फिस्कच्या थकलेल्या गुडघ्यांनी सोडलेल्या एखाद्या चेंडूनं तो एक सामना कुठे गेला, ते कोणी दाखवू शकत नाही आणि मीही दाखवू शकत नाही. पण ७२ सामन्यांत एक सामना वाचवण्यासाठी १४ ची आघाडी हाताशी असणं, याहून सोपी परिस्थिती कुठल्या मॅनेजरला मिळते?

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. ही माणसं रोज खेळली म्हणूनच १४ ची आघाडी मिळाली. बसवली असती तर आघाडीच १० ची झाली असती, मग बचत कसली? यातलं गणित चुकीचं नाही. राखीव खेळाडू उतरवला की दोन-तीन सामने जास्त हातचे जातात. पण सगळ्या विजयांची किंमत तक्त्यात सारखी असली तरी शरीराला ती सारखी पडत नाही. जूनमध्ये, रँडॉल्फ आणि हंटर नसलेल्या न्यूयॉर्कपेक्षा दहाऐवजी बारा सामन्यांनी पुढे जाणं, आणि सप्टेंबरात धडधाकट न्यूयॉर्कसमोर चार दिवस टिकून राहणं, यातलं दुसरं महाग. वैऱ्याची माणसं बरी होऊन परत येणार, हे तर कोणालाही ठाऊक होतं. दवाखान्यातून सुटणारा पाहुणा कधी ना कधी दारात येतोच. त्याच्यासाठी घरात काहीतरी शिल्लक ठेवावं लागतं.

तिसरी हरकत बॉस्टनच्या शेवटच्या आठवड्यातून निघते, आणि ती मला आवडते. सप्टेंबरच्या मध्यावर साडेतीन सामन्यांनी मागे पडलेल्या या संघानं शेवटच्या १४ पैकी १२ जिंकले, अखेरचे ८ तर ओळीनं. दमलेला संघ असं करू शकतो का? कच खाल्लेला संघ तर नक्कीच करू शकत नाही. त्यामुळे भित्रेपणाची कहाणी इथेच मोडते. थकव्याची मोडत नाही. अंगात उरलेलं सगळं आठवडाभर ओतता येतं, सहा महिने नाही. त्या आठवड्यात हॉब्सन बाकावर होता आणि त्याच्या जागी दुसरा खेळत होता, हेही विसरू नये.

प्रेक्षकांचाही एक मुद्दा असतो. पोराबाळांना घेऊन, पैसे मोजून फेनवेला आलेल्या माणसाला राइस आणि फिस्क पाहायचे असतात, राखीव मंडळी नव्हे. हा राग मला समजतो. एनबीएमध्ये धडधाकट तारे बसवून ठेवण्याचा अतिरेक झाला, तेव्हा तो राग रास्तच होता. पण बेसबॉलमध्ये ज्याला १६२ सामन्यांचा हंगाम हवा आहे, त्यानं त्याची किंमतही मान्य करायला हवी. आठवड्यातून एक दिवस कॅचरला बसवलं तर त्या दिवशी आलेला प्रेक्षक चुकचुकतो. न बसवल्यास सप्टेंबरात सगळं गाव. राहता राहिली सर्वसाधारण शंका, की जुलैत पहिला असलेला संघ बहुतेक वेळा शेवटीही पहिलाच असतो, मग एवढा आटापिटा कशाला. असतोच. आघाडी निरर्थक आहे असं मी म्हणत नाही. निरर्थक असती तर खर्चायला काय उरलं असतं? कधी कधी पाठलाग करणाऱ्याकडे भलतंच हत्यारही असतं: १९५१ मध्ये ब्रुकलिन डॉजर्सची १३ सामन्यांची आघाडी फोडणाऱ्या न्यूयॉर्क जायंट्सनं मैदानाच्या टोकाला दुर्बीण लावून समोरच्या कॅचरचे इशारे चोरले होते. त्यावर विश्रांतीचा उपाय चालत नाही. पण दुर्बीण रोज कोणाकडे नसते, दुखरे गुडघे सगळ्यांकडे असतात.

बरोबरी सोडवण्यासाठी २ ऑक्टोबरला फेनवेवर एकच सामना ठेवला गेला. सातव्या इनिंगमध्ये बॉस्टन २–० नं पुढे, दोन यांकीज बेसवर, दोन बाद. फलंदाजीला क्रमातला नववा, बकी डेंट. अख्ख्या हंगामात चार होमरन. एरवी अशा वेळी त्याच्या जागी राखीव फलंदाज उतरला असता. पण रँडॉल्फ पुन्हा जायबंदी होता, त्याच्या बदल्यात खेळणाऱ्याला याच डावात बदलून झालेलं, आणि डेंटलाही बसवलं तर मधल्या फळीत उभं करायला धड कोणी उरणार नव्हतं. म्हणजे न्यूयॉर्कचा बाकही त्या क्षणी रिकामाच होता, हे माझ्या मुद्द्याच्या विरुद्ध जाणारं सत्य लपवण्यात अर्थ नाही. डेंटनं एक चेंडू स्वतःच्याच पायावर मारून घेतला आणि कळवळत बाजूला झाला. तेवढ्यात पुढचा फलंदाज मिकी रिव्हर्सच्या लक्षात आलं की डेंटच्या बॅटला तडा गेलाय. त्यानं दुसरी बॅट हातात दिली. आदल्या वर्षी यांकीजसाठी विश्वमालिका जिंकून देणारा आणि आता बॉस्टनच्या पगारावर असलेला माइक टोरेझ तोवर हातावर हात ठेवून थांबलेला. पुढचाच चेंडू डाव्या बाजूच्या अकरा मीटरांहून उंच हिरव्या भिंतीवरून जाळीत जाऊन पडला. ३–२. पुढे ५–२, मग ५–४, आणि नवव्या इनिंगमध्ये बेसवर दोघे असताना यास्त्रेम्स्कीचा उंच उडालेला चेंडू ग्रेग नेटल्सनं तिसऱ्या बेसजवळ झेलला. डेंटचा होमरन हा निव्वळ नशिबाचा भाग होता. तो सामना खेळायची पाळी येणं हा हिशेबाचा.

न्यू जर्सीत आणि बॉस्टनच्या उपनगरांत आता मराठी घरंही बरीच आहेत आणि त्यांतली पोरं यांकीजची किंवा रेड सॉक्सची टोपी घालूनच वाढतात. जुलैत तक्ता चाळताना त्यांनी अंतराचा रकाना बघण्याआधी आपल्या कॅचरनं आतापर्यंत किती सामने केले ते पाहावं, तिसऱ्या बेसवरचा गडी फेकल्यानंतर कोपर चोळतोय का ते पाहावं, आणि वैऱ्याच्या जायबंदी यादीतली नावं कधी परतणार ते पाहावं. हा सगळा तपशील हल्ली फोनवर मिळतो. झिमरलाही तो त्या काळी मिळत होता, डोळ्यांसमोर. बॉस्टननं त्याला १९८० मध्ये काढलं. १९८३ मध्ये तो यांकीजच्याच प्रशिक्षकांत नोकरीला लागला आणि त्यानं हंगामापुरतं न्यू जर्सीत एक घर भाड्यानं घेतलं. घरमालक होता बकी डेंट. आत पाऊल टाकलं, तर भिंतींवर त्या होमरनचे फोटो टांगलेले.